बारा रविवार, एक वाडगा: उन्हाळी फुलरचनेच्या नोंदी

३० मार्च, रविवार

प्रकल्प हा शब्द जरा मोठाच झाला. पण वहीवर नाव घातलं की काम मध्येच सुटत नाही, आणि सुटलंच तर निदान लाज तरी वाटते. तर ठरलं असं: बारा रविवार, दर रविवारी एक फुलरचना. फुलं-पानं फक्त गच्चीवरच्या कुंड्यांतली, विकतचं काही आणायचं नाही, आणि रचना किती दिवस टिकली ते खरं खरं लिहायचं. मधल्या काळात जुन्या बागा बघायच्या. एप्रिलमध्ये बंगळुरूचं लालबाग, मे अखेरीस काश्मीरमधल्या मुघल बागा. ताई दोन्हीकडे येणार आहे. तिला झाडांचं माझ्याइतकं वेड नाही, पण नजर माझ्यापेक्षा तिखट आहे.

आजचा साठा: झिनिया (लाल आणि गुलबक्षी), पिवळा कॉसमॉस, जांभळं बटणफूल, उतरणीला लागलेला झेंडू, निशिगंधाच्या दोन कुंड्या, एक कर्दळ. चाफ्याच्या फांद्या बोडक्या, टोकाला कळ्यांचे झुपके. फुटबॉल लिलीचे कांदे अजून मातीखाली गाढ झोपेत.

पहिली रचना: हाताला लागलं ते सगळं एका काचेच्या बरणीत. फोटोत छान दिसली.

१ एप्रिल

मेली. दोन दिवस. सगळ्यात आधी झिनियांनी माना टाकल्या.

६ एप्रिल, रविवार

आज अकरा वाजता फुलं कापली, कारण सकाळी उठायला उशीर झाला. खाली आणेपर्यंत कॉसमॉसच्या पाकळ्या मलूल. ताईने बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही फुलं दमलीयत. यांना आधी पाणी पाज, मग उभी कर."

तिला गंमत करायची होती, पण मुद्दा तोच आहे. मी फुलं कापून थेट बरणीत खोचतो. मुरवत नाही.

९ एप्रिल

बरणी बाजूला ठेवून आज एक साधा प्रयोग लावला. तीन पेले, प्रत्येकात पाच झिनिया, एकाच वाफ्यातल्या. पहिल्या पेल्यातली सकाळी सहाला कापलेली, दुसऱ्यातली दुपारी बाराला, तिसऱ्यातली संध्याकाळी साडेसहाला. पाणी, जागा, पेले सारखेच. फूल कापण्याआधी देठ धरून हलवून बघितलं. झिनियाचा देठ फुलाखाली लुळा पडून डोलला तर ते कच्चं आहे, काठीसारखा ताठ राहिला तरच कापायचं. ही खूण लाख मोलाची आहे आणि आजवर मला माहीत नव्हती. डेलियाचंही असंच, कळी कापली तर ती फुलदाणीत उमलत नाही. उलट ग्लॅडिओलस आणि निशिगंध खालची एक-दोन फुलं उघडली की कापायचे, वरच्या बऱ्याच कळ्या घरात उमलतात. प्रत्येक फुलाचं वय वेगळं मोजायचं.

१७ एप्रिल

पेल्यांचा निकाल: दुपारची फुलं दोन दिवस, संध्याकाळची सहा, सकाळची आठ.

कारण वाचून काढलं. उन्हात पानांतून पाणी सतत उडत असतं, त्यामुळे देठातल्या नळ्यांमधलं पाणी वर ओढलेलं, ताणलेलं असतं. अशा वेळी कात्री लागली की कापलेल्या तोंडातून हवा आत शोषली जाते आणि नळीत बुडबुडा अडकतो. मग बरणी काठोकाठ भरली तरी फुलापर्यंत पाणी चढत नाही. सकाळी झाड रात्रभर पाणी पिऊन भरलेलं असतं, ताण कमी असतो. दुसरा शत्रू म्हणजे जिवाणू. पाण्याखाली राहिलेली पानं कुजतात, जिवाणू वाढतात आणि देठाचं तोंड बुजतं. म्हणजे माझी पहिली बरणी दोन्ही बाजूंनी मारली गेली होती: अर्ध्या देठापर्यंत पानं बुडालेली, आणि बरणी मागच्या वेळेनंतर नुसती विसळलेली.

आता रीत अशी. पहाटे खोल बादली घेऊनच गच्चीवर जायचं. कापलं की लगेच बादलीत. खालची पानं ओरबाडून काढायची. घरात आणल्यावर देठाचं टोक पाण्याखाली धरून पुन्हा तिरकं कापायचं, म्हणजे टोक तळाशी चपटं बसत नाही. मग दोन-तीन तास अंधाऱ्या, गार जागी. त्यानंतर रचना. हे सगळं केल्यावर सकाळचा चहा दहाला मिळतो, पण ते वेगळं दुःख.

(१३ तारखेची रचना लिहायची राहिली. सकाळी सहाच्या झिनिया, बटणफूल, निशिगंधाची एक दांडी. पाचवा दिवस आहे, उभी आहे.)

२० एप्रिल, रविवार

लालबाग. २४० एकर, एका सकाळीत होत नाही. हैदर अलीने १७६० मध्ये सुरुवात केली, टिपूने वाढवली, पुढे इंग्रजांच्या काळात ती सरकारी वनस्पतिबाग झाली. आम्ही गेलो तेव्हा काचघर रिकामं. १८८९ चं ते. लोखंडी सांगाडा, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर बांधलेला. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमाराला इथे पुष्पप्रदर्शन भरतं आणि पाय ठेवायला जागा नसते. मला फुलांशिवायचं काचघरच जास्त आवडलं. कमानी दिसतात, त्यांचा ठेका दिसतो.

ताई मात्र थेट खडकावर जाऊन बसली. सुमारे तीनशे कोटी वर्षांचा, नाइस नावाच्या जातीचा दगड, टेकडीएवढा उघडा. त्यावर बंगळुरू वसवणाऱ्या केम्पेगौडाचा बुरूज. "याच्यापुढे तुझी आठ दिवसांची झिनिया," ती म्हणाली.

आजची रचना नाही. आल्यावर करतो.

२३ एप्रिल

फुलरचना शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. आधी एका दुसऱ्या वर्गात दोन तास घालवले होते. तिथे सगळं हिरव्या स्पंजात खोचून करत होते. सोयीचा आहे, नाकारत नाही. पण तो स्पंज म्हणजे फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक. १९५४ मध्ये अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्सने काढलेला. चुरला की बारीक भुगा होतो, तो मातीत मुरत नाही आणि धुताना गटारात जातो. शिवाय एकदा खोचलेला देठ काढून पुन्हा खोचला की त्या भोकात हवा राहते, फूल तहानेने मरतं. सतराव्या तारखेचंच प्रकरण, वेगळ्या वेषात.

बाईंनी स्पंजाला हात लावू दिला नाही. त्यांच्याकडे केंझान. शिशाच्या जड चकतीवर पितळी खिळ्यांचं रान. देठ सरळ दाबायचा, मग हव्या त्या दिशेने कलवायचा. जाड फांदी असेल तर टोकाला उभी चीर द्यायची. हातोड्याने चेचायची नाही. चेचल्याने नळ्या फाटतात आणि पाणी लवकर नासतं.

इकेबानाच्या, म्हणजे जपानी फुलरचनेच्या, एका मूळ रचनेचं गणित त्यांनी पाटीवर मांडलं. भांड्याचा व्यास आणि खोली यांची बेरीज करायची, त्याच्या दीडपट मुख्य फांदी. तिच्या तीन चतुर्थांश दुसरी, दुसरीच्या तीन चतुर्थांश तिसरी. माझा वाडगा ३० सेंटिमीटर रुंद, ६ खोल. म्हणजे ३६ च्या दीडपट ५४, मग साधारण ४०, मग ३०. पहिली उभ्या रेषेपासून १५ अंश कललेली, दुसरी ४५, तिसरी ७५. मी म्हटलं, "बाई, हे तर सुतारकाम झालं." बाई म्हणाल्या, "सुतारकामच आहे. फूल नंतर. आधी फांदी उभी राहू दे."

वर्गातून निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. क्योटोच्या रोक्काकुदो मंदिरातला पुजारी इकेनोबो सेनकेई याच्या फुलरचनेची नोंद १४६२ मधल्या एका झेन भिक्षूच्या रोजनिशीत आहे. सेनकेईने फुलं मांडली आणि ती बघायला क्योटोतले हौशी लोक लोटले. साडेपाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी फुलांची नोंद रोजनिशीत केली, ती आज पुरावा झाली. माझ्या वहीत निम्मी पानं 'मेली' एवढंच आहे.

२७ एप्रिल, रविवार

चाफ्याची बोडकी फांदी, दोन झेंडू. चाफ्याला चीक असतो, म्हणून कापलेलं टोक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवलं. चीक थिजतो, पाणी गढूळ होत नाही. हात धुवायला विसरलो आणि डोळा चोळला. तासभर काही दिसलं नाही, रचनाही नाही.

डोळा निवळल्यावर बियांच्या पाकिटांची यादी करत बसलो. झिनिया मेक्सिकोची. झेंडू मेक्सिकोचा. कॉसमॉस, डेलिया, निशिगंध, सगळे मेक्सिकोचे. माझी अर्धी गच्ची परदेशी निघाली, आणि इतकी वर्षं मी त्यांना गावठी समजत होतो.

४ मे, रविवार

फुटबॉल लिली आली! काल काहीच नव्हतं. आज मातीतून अंगठ्याएवढं लालसर टोक, वर पातळ आवरणं घट्ट मिटलेली. एकही पान नाही. वर्षातून एकदाच फुलते, हा उन्हाळाच तिचा.

रचना: कर्दळीचं एक पान आणि तीन झिनिया. ५४-४०-३०. पहिल्यांदा काहीतरी 'उभं' राहिलं. सात दिवस.

११ मे, रविवार

लिली पूर्ण उमलली. मुठीपेक्षा मोठा लाल गोळा, शेकडो बारीक फुलांचा, प्रत्येकातून सहा पुंकेसर बाहेर आलेले, टोकाला पिवळे परागकण. जवळून बघितलं तर तो गोळा नाहीच, आतून बाहेर पसरणाऱ्या नाजूक ताऱ्यांची गर्दी आहे. दांडा हिरवा, बुडाशी जांभळे ठिपके.

कापायची की नाही, यावर सकाळी घरात वाद.

"वर्षातून एकदा येते आणि तू कात्री घेऊन उभा," ताई म्हणाली.

मी म्हटलं, कांद्याला फूल गेल्याचं दुःख नसतं. पुढच्या वर्षाचं अन्न पानांतून साठतं, आणि पानं आत्ता कुठे निघतायत. उलट फूल काढलं तर बी धरण्यात शक्ती जात नाही.

"मग तुझ्या कांद्याच्या भल्यासाठी कापतोयस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी कापली. रस विषारी असतो म्हणून हातमोजे घातले (चाफ्यापासून अक्कल आली). वाडग्यात केंझान मधोमध, लिली एकटी, बाजूला झेंडूच्या हिरव्या पानांची झालर. ताई चहा घेऊन आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "झालर काढ." काढली. बरोबर होती.

१८ मे, रविवार

लिली सातव्या दिवशीही उभी. नवीन रचना केली नाही. तिच्याशेजारी दुसरं काही ठेवायचं धाडस झालं नाही. सामान भरतोय.

२३ मे, श्रीनगर

निशात बाग. १६३३ मध्ये आसफ खानाने, म्हणजे नूरजहानच्या भावाने, उभारली. मागे झबरवानचा डोंगर, पुढे दल सरोवर, आणि मध्ये बारा पायऱ्यांसारख्या गच्च्या, बारा राशींच्या म्हणून सांगतात. पूर्वी लोक होडीतून थेट बागेच्या पायथ्याशी उतरत. आता मध्ये रस्ता आहे, त्यामुळे पहिली ओळख हॉर्नच्या आवाजात होते.

खालून वर चढलो. चुकूनही वरून खाली बघत येऊ नका. खालून चढताना प्रत्येक टप्प्यावर पाणी तोंडासमोर येतं. वर पोचून वळलं की तेच पाणी सरोवराकडे धावताना दिसतं. मधल्या कालव्यावर ठिकठिकाणी दगडी चौथरे, धबधब्याच्या माथ्यावर आडवे टाकलेले. बसणाऱ्याच्या खालून पाणी जाणार. थंडाव्यासाठी याहून साधी यंत्रणा सुचत नाही.

मी अर्धा तास एका चादरीसमोर बसून होतो. चादर म्हणजे एका गच्चीवरून दुसरीवर पाणी उतरवणारी तिरकी दगडी उतरंड. दगड गुळगुळीत नाही, त्यावर खवल्यांसारखं कोरीव काम आहे. सपाट दगडावरून पाणी पारदर्शक घसरलं असतं, दिसलंही नसतं. खवल्यांवर ते फुटतं, पांढरं होतं आणि आवाज करतं. ओंजळभर पाणी बादलीभर दिसावं अशी करामत. कारंज्यांनाही पंप नव्हते. वरच्या झऱ्याची उंची हाच त्यांचा दाब.

शहाजहानला ही बाग बघून हेवा वाटला आणि त्याने तिचं पाणी तोडलं, अशी दंतकथा आहे. मग आसफ खानाच्या सेवकाने धन्याचं दुःख बघून पाणी पुन्हा सोडलं, आणि बादशहाने त्याला माफ केलं. खरी असो नसो, कथा रचणाऱ्याला बाग कळली होती. बाग संपवायची तर झाडं तोडावी लागत नाहीत.

वाफ्यांत साल्व्हिया आणि पेटुनिया, ओळीने, बटबटीत. साल्व्हिया ब्राझीलची, पेटुनिया दक्षिण अमेरिकेची. आसफ खानाने यातलं काही बघितलेलं नाही. त्या काळी इथे चिनार, सरू, फळझाडं, गुलाब, नर्गिस. मेक्सिको घरात बाळगून मी तक्रार करायला नको हे कळतं. पण तक्रार परकेपणाची नाही. एवढ्या सुंदर पाण्याच्या काठाला लाल-जांभळ्या पट्ट्या ओढल्या की डोळा पाण्यावर ठरत नाही. झालर काढा, म्हणावंसं वाटलं.

२४ मे

शालिमार. जहांगीरची, १६१९. हरवनच्या बाजूने येणारं पाणी बागेच्या मधोमध कालव्यातून धावतं. खालच्या भागात सर्वांसाठी दरबार, मग खासगी, सगळ्यात वर जनाना. वर शहाजहानच्या काळातला काळ्या संगमरवरी खांबांचा मंडप, चारी बाजूंनी पाणी आणि कारंजी. खांबाला हात लावला तर मे महिन्यातही गार.

इथे आलो ते खरं तर चिनीखाने बघायला. धबधब्याच्या मागच्या भिंतीत ओळीने छोटे कमानदार कोनाडे. दिवसा त्यांत फुलांची पात्रं ठेवत आणि रात्री दिवे. म्हणजे फुलं पाण्याच्या पडद्याआडून बघायची! आज कोनाडे रिकामे, शेवाळलेले. मी वाकून एकाची रुंदी वितीने मोजली; एका छोट्या फुलदाणीपुरतीच. चारशे वर्षांपूर्वी रोज सकाळी कुणीतरी ओल्या भिंतीशी उभं राहून या प्रत्येक कोनाड्यात फुलं लावत असेल. त्याची फुलं माझ्यापेक्षा जास्त टिकत असणार. गार हवा, दमटपणा, ऊन नाही. फुलांसाठी एवढी चांगली जागा मी अजून पाहिलेली नाही.

ताई म्हणाली, "एका कोनाड्यात एकच फूल बसेल रे." हो. जास्त बसतच नाही.

जहांगीर स्वतः झाडाफुलांचा वेडा. १६२० च्या काश्मीर मुक्कामात उस्ताद मन्सूरने इथली शंभराहून जास्त फुलं चितारली असं त्याने आठवणींत लिहून ठेवलंय. मन्सूरच्या त्या फुलांतलं लाल ट्यूलिपचं चित्र आजही प्रसिद्ध आहे. वही ठेवणारा बादशहा, त्यामुळे आपुलकी वाटली.

२५ मे, रविवार

वेरीनाग. झेलमचा उगम मानतात तो झरा, भोवती जहांगीरच्या काळातला अष्टकोनी दगडी तलाव. पाणी निळं-हिरवं, आणि इतकं निश्चल की कमानी उलट्या दिसतात. फुलं जवळपास नाहीतच. चार दिवसांत सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

आजची रचना: वाऱ्याने पडलेलं चिनारचं एक हिरवं पान, खोलीवरच्या पाण्याच्या पेल्यात. नियमात बसत नाही, वहीत बसते.

१ जून, रविवार

परत. गच्चीवर झिनिया करपलेल्या, शेजाऱ्यांनी पाणी घातलं म्हणून निम्म्या वाचल्या. लिलीच्या कांद्याला तीन पानं.

आज केंझान मधोमध न ठेवता वाडग्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला. चाफ्याची एक वाकडी फांदी, पायाशी दोन झिनिया, बाकी दोन तृतीयांश वाडगा नुसतं पाणी. बाईंनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं की उन्हाळ्यात पाण्याचा पृष्ठभाग जास्त मोकळा ठेवतात, बघणाऱ्याला गार वाटावं म्हणून. तेव्हा मी ते टिपून घेतलं आणि वाडगा भरत राहिलो. वेरीनाग बघितल्यावर कळलं.

ताई: "अर्धा वाडगा रिकामाच आहे की."
मी: "तोच बघ."

तिने बघितला. "तिरका आहे," म्हणाली.

खरंच तिरका होता. एका काठाला पाणी चढलेलं, दुसरीकडे उतरलेलं, चांगला बोटभर फरक. टेबलच कललेलं! दोन वर्षं मी त्यावर बरण्या ठेवतोय आणि कळलं नाही, कारण बरण्या फुलांनी गच्च असायच्या. पाणी उघडं ठेवलं आणि पाण्याने चुगली केली. बारा गच्च्यांवर धार सरळ मध्यभागी पाडणाऱ्या मिस्त्रींची आठवण होऊन शरमलो. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला, मग दुमडून दोनदा. जमलं.

८ जून, रविवार

मोकळं पाणी म्हणजे रोजचं काम. धूळ दिसते, गळलेली पाकळी दिसते, दुसऱ्या दिवशी वर तेलकट साय येते. पाणी रोज बदललं. केंझानच्या खिळ्यांत अडकलेले देठाचे तुकडे टोकदार काडीने काढले. एक खिळा वाकडा झाला होता, तो चिमट्याने सरळ केला. रचना: निशिगंधाची एक दांडी, कर्दळीचं अर्धं फाटलेलं पान. फाटलेलंच घेतलं, त्याची कड पाण्यात छान उतरते.

१५ जून, रविवार

बारावा. हिशोब: बारा रविवारांत रचना नऊ, त्यात पेल्यातलं पान धरून. एक डोळ्याच्या भानगडीत गेली, एक लालबागेत, एक लिलीच्या आदरापोटी. सगळ्यात कमी दोन दिवस (पहिली बरणी). सगळ्यात जास्त अकरा, लिली एकटी.

आजची: वाडग्यात पाणी, मागच्या कोपऱ्यात जांभळ्या बटणफुलांच्या तीन दांड्या. आभाळ भरून आलंय, खिडकीतला करडा उजेड पाण्यात पडतोय. ताईने येता-जाता पुठ्ठा पायाने थोडा आत सरकवला.

झिनियाचं बी सुकवून पाकिटात भरलं. लिलीला पाचवं पान फुटतंय. कुंडी सावलीत सरकवली.